तिसऱ्या कडव्याआधी

काजूएवढा. स्किनच्या रंगाचा, मऊ, एका बाजूला वळलेला. त्या म्हाताऱ्या गायकाच्या डाव्या कानाच्या मापाचा इअरपीस तिच्या तळहातावर होता, कडेला मळाचा एक पिवळट ठिपका होता, आणि मंजिरी तो ठिपका लहान मुलांच्या टूथब्रशनं काढत होती — इतकं हळू, की जणू पलीकडे अजून कान आहेच आणि त्याला दुखेल. खरं तर हे काम वीरचं. गायकाच्या कानात काय जाणार, ड्रम किती, गिटार किती, त्याचा स्वतःचा आवाज किती, हे सगळं स्टेजच्या कडेला डेस्कवर बसून वीर ठरवतो, मग इअरपीस पुसणंही त्याचंच... पण गेले तीन आठवडे ते आपोआप तिच्याकडे आलं होतं. उजव्या कानात अख्खा बँड आणि डाव्या कानात मी. फक्त मी. म्हणजे विचार कर ना, सत्त्याहत्तर वर्षं या कानात काय काय गेलं असेल, आईची हाक, पोलिसांचं दार ठोठावणं, स्टेडियमभर माणसांचं गाणं, आणि आज दुपारी शो सुरू झाला की ईलिंगची मंजिरी खांबेटे. पोटात सकाळपासून नुसता चहा.

लाम्ब्रोस कारादिमास. नाव ऐकलं नसेल तर ठीक आहे, दोन महिन्यांपूर्वी मीपण ऐकलं नव्हतं. पण लंडनमधल्या पामर्स ग्रीनच्या कुठल्याही ग्रीक बेकरीत जाऊन हे नाव घे, काउंटरमागची बाई पाव कापता कापता थांबते आणि सुरी तशीच हातात धरून तुला सांगते की तिच्या लग्नात त्याचं कुठलं गाणं वाजलं होतं. कावाला नावाच्या बंदराच्या गावातला मुलगा, वडील तंबाखूच्या गोदामात पानं निवडायचे, त्यामुळे घराला, अंगाला, पावालासुद्धा तंबाखूचा वास — त्या वासावर त्याचं एक अख्खं गाणं आहे. मग अथेन्स, कॉलेज अर्धवट, ग्रीसमध्ये तेव्हा लष्कराचं राज्य, याचं एक गाणं मुलांनी कुठल्याशा मीटिंगमध्ये म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस घरी; मग गिटार उचलून थेट लंडन. कॅम्डेनच्या एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासली त्यानं, वुड ग्रीनला अशा खोलीत राहिला जिथं मीटरमध्ये नाणं टाकलं तरच हीटर चालायचा, आणि त्या खोलीत 'अलाती' लिहिलं. अलाती म्हणजे मीठ. पुढे राज्य बदललं, तो परत गेला, आणि मग सगळंच झालं — रेकॉर्ड्स, फुटबॉलची स्टेडियम्स, दुसऱ्या गायकांना लिहून दिलेली गाणी. समीक्षकांनी नाक मुरडून टॅक्सीवाल्यांचा कवी म्हटलं तर यानं पुढच्या रेकॉर्डच्या कव्हरवर टॅक्सीच्या ड्रायव्हर सीटवर बसून फोटो काढला. मधली काही वर्षं कोणी विचारलं नाही. मग नव्या मुलांना ती गाणी परत सापडली. आणि आता लंडन, रविवारची दुपार, एकही सीट रिकामी नाही, रेकॉर्डिंगचे कॅमेरे लागलेले, आणि तो माणूस... तो माणूस शब्द...

हे वाक्य ती मनातही पूर्ण होऊ देत नव्हती.

ती आली होती केबल गुंडाळायला. वीरची असिस्टंट म्हणून, अ‍ॅक्टनच्या रिहर्सल स्टुडिओत. तेव्हा त्याच्या पायाशी शब्दांचा स्क्रीन लावला होता, पण चष्मा लावणार नाही म्हणाला, म्हणून अक्षरं एवढी मोठी केली की एका वेळी तीनच शब्द मावायचे, आणि तो म्हणाला, मी काय एअरपोर्ट आहे? स्क्रीन गेला. मग एकदा तो गाता गाता थांबला आणि अख्ख्या बँडनं मिळून त्याला पुढची ओळ गाऊन दाखवली — प्रेमानंच, हसून — आणि त्याचा चेहरा असा झाला, की मला माझे बूट बघावे लागले. दुसऱ्या दिवशी तो परत त्याच जागी आला, श्वास घेतला, डोळे किंचित वर गेले, आणि स्टेजच्या कडेला केबल हातात घेऊन उभ्या असलेल्या मंजिरीच्या तोंडातून आपोआप निघालं, "स्ति—". बस, तेवढंच. सूर नाही, भाव नाही. आणि गाणं पुढे गेलं. त्यानं मान वळवून पाहिलं सुद्धा नाही. संध्याकाळी मात्र विचारलं, ती केबलवाली मुलगी कोण, आणि तेव्हापासून विसरलेल्या ओळीची पहिली अक्षरं त्याच्या डाव्या कानात द्यायचं काम माझं.

आता ही सवय कुठून आली तर ईलिंगच्या मंडळातून. दरवर्षी गणपतीत नाटक, नाटकात सगळे डॉक्टर नाहीतर आयटीवाले, हौस प्रचंड आणि पाठांतर कोणाचंच नाही. तेरा वर्षांची असताना तिला विंगेत स्टुलावर बसवलं, का, तर ही देवनागरी भराभर वाचते आणि गप्प बसते. नाटक बसवायच्या त्या वैजयंतीकाकू, त्यांनी तिला प्रॉम्प्टिंग शिकवलं. पहिली दोन अक्षरं द्यायची, अख्खं वाक्य दिलं तर नट त्याचा राहत नाही. आवाजात ॲक्टिंग नको. आणि पॉजमध्ये प्रॉम्प्ट करायचं नाही, मेलीस तरी करायचं नाही. पण काकू, पॉज आहे की विसरलेत ते कळणार कसं? हातांकडे बघायचं, काकू म्हणाल्या, विसरलेल्या माणसाचे हात आधी मरतात. बाबांचे हात तर दुसऱ्याच सीनला मरायचे. आणि परत येताना गाडीत बाबा शांतपणे म्हणायचे, "पॉज होता तो." मागच्या सीटवरून आई, "एवढा मोठा? मला वाटलं इंटरव्हल झाली."

पण लाम्ब्रोसचे हात मरत नाहीत, तोच तर सगळा घोळ. त्याच्या बोटांना पन्नास वर्षांची गाणी पाठ आहेत, ती गिटारवर चालूच राहतात, शांत, आरामात, आणि वर चेहऱ्यात काहीच नसतं. मग मी काय बघू? मी श्वास बघते. मानेची ती एक शीर बघते. आणि सगळी गाणी तिनं देवनागरीत लिहून काढली, मोठ्या अक्षरांत, म्यूझिक स्टँडवर लावायला. ग्रीक बरंचसं बसतं आपल्या अक्षरांत, थोडं इकडे तिकडे. आई म्हणाली, "अगं पण तुला ग्रीक कुठे येतं?" तेच तर. म्हणून तर तिला घेतलं. तो स्वतःच म्हणाला, तुटक इंग्लिशमध्ये, सिगरेट न पेटवता नुसती बोटांत फिरवत — तुला अर्थ कळत नाही ना, मग तुझ्यासमोर विसरायला मला लाज नाही वाटत. ज्याला कळतं तो ऐकतो मी काय हरवलं ते. तुला नुसता आवाज.

आणि इथंच गोची झाली होती. कारण तिला कळायला लागलं होतं. तीन आठवडे रात्रंदिवस तेच शब्द कानांत, बेकरीतल्या बाईला विचारून विचारून, फोनवर शोधून, चोरून... मीठ, गाव, बोट, आई, कुठे. आधी शब्द सुटे सुटे होते, मग ते एकमेकांचे हात धरायला लागले. तिनं त्याला सांगितलं नव्हतं. आणि आज सकाळी, ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर ती गुडघ्यावर बसून टेप लावत होती, आत तो आणि त्याची मुलगी दानाई — तीच त्याची मॅनेजर, पंचेचाळिशीची, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, कायम हेडसेट गळ्यात — आणि त्यानं अगदी सहज, कॉफी कुठे आहे विचारावं तसं विचारलं, आपण कुठल्या शहरात आहोत? 'पोली', शहर, हा शब्द तर दोन गाण्यांत आहे. दानाईनं तितक्याच सहज सांगितलं, लंडन, बाबा. तो म्हणाला, हां, लंडन. थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं. दानाईनं परत सांगितलं, त्याच आवाजात, एक कणभरही वेगळा नाही — आणि तो जो न बदललेला आवाज होता ना, तो ऐकून मंजिरीच्या हातातला टेप सरळ फाटेचना.

"तुझी चेहरा का असा झालाय?" इअरपीस देऊन ती विंगेत परतली तेव्हा वीर म्हणाला. वीर स्टॅनमोरचा, तिथंच जन्मलेला, मंडळातच दोघं लहानाचे मोठे झाले. मराठी हट्टानं बोलतो आणि बिचाऱ्याच्या शब्दांचं लिंग कधीच जागेवर नसतं. "तू खाल्ली काय? माझा आई पराठा दिलाय."

"नको."

"मंजू, शो आहे, नॉट युअर वेडिंग. खा."

"वीर, समजा तुला दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि दोघंही बरोबर असले तर?"

"मी तर नेहमी पैसे देतो त्याचा ऐकतो," वीर म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून पराठा परत फॉइलमध्ये गुंडाळला. "ओके. सॉरी. काय झाली?"

काय सांगणार. दोन्ही गोष्टी साउंडचेक आणि शो यांच्यामधल्या त्या रिकाम्या वेळात झाल्या होत्या, जेव्हा सगळे सँडविच खायला जातात आणि स्टेज एखाद्या कोणी नसलेल्या घरासारखं होतं. आधी दानाई. कॉरिडॉरमध्ये तिनं मंजिरीचं कोपर धरलं, घट्ट नाही, पण सोडलंही नाही. म्हणाली, शेवटचं गाणं अलाती आहे, माहीत आहे ना. त्यात प्रत्येक ओळ दे. त्याला हवी असो नसो, प्रत्येक. एक सेकंद त्याला एकट्याला सोडू नकोस. आज कॅमेरे आहेत, आज जर तो तिथं थांबला तर ते कायमचं राहील, लोक फोनवर फिरवतील, बघा बिचारा, बघा म्हातारा... मग ती थांबली, आणि इतका वेळ ऑफिससारखं चाललेलं बोलणं एकदम खाली आलं — माझ्या बापाकडे कोणी कीव करून बघितलेलं मला चालणार नाही. तू समजतेस ना? मंजिरी म्हणाली, हो. आणि खरंच समजत होती. बाबा स्टेजवर अडकले की आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची, खाली मान घालून, पर्समध्ये काही नसताना.

आणि मग तो. इअरपीस द्यायला ती आत गेली, तो आरशासमोर बसला होता, पण आरशात बघत नव्हता. दार लाव म्हणाला. तिनं लावलं. मनात तो कायम 'तो' असतो, पण असं एकटं समोर आलं की आतून आपोआप 'ते' होतात, आणि मग इंग्लिशमध्ये काय बोलायचं तेच सुचत नाही.

"अलातीमध्ये काही देऊ नकोस," तो म्हणाला.

"काहीच?"

"एक अक्षर नाही. बाकी सगळ्यात दे. त्यात नको."

"आणि समजा..."

"समजा, तर मी उभा राहीन." तो हसला. त्याचे दात फार सुंदर आहेत, खोटे आहेत. "त्या गाण्यात मी तिसऱ्या कडव्याआधी थांबतो. कायम थांबतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घाबरून थांबलो होतो, इथं, लंडनमध्ये, एका शिंप्याच्या कारखान्यावरचा हॉल होता, सायप्रसचे लोक, सगळे दिवसभर शिवणमशीनवर बसून आलेले. मी थांबलो आणि कोणी खुर्ची हलवली नाही. तेव्हापासून मी रोज थांबतो. कधी थोडं, कधी जास्त. आज किती, ते मला माहीत नाही. पण ते माझं थांबणं आहे. विसरलो, तर ते माझं विसरणं असू दे. तू त्यात येऊ नकोस."

त्यानं इअरपीस हातात घेतला, डाव्या कानाजवळ नेला, आणि मधेच थांबून तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला आता ग्रीक कळतं का?"

"नाही," ती म्हणाली.

तो म्हणाला, "गुड," आणि कानात घातला. त्याला कळलं का? कळलं असेल तर 'गुड' कशाला? आणि नसेल कळलं तर विचारलं कशाला... दार उघडून बाहेर आले तर फोनवर आईचा व्हॉइस मेसेज, आम्ही बसलोय गं, बाबांच्या पुढची बाई फार उंच आहे, आणि मागून बाबा, "अगं ती उंच नाहीये, केस आहेत ते."

आता काय करायचं? म्हणजे मी. रेकॉर्ड्स तिनं सगळ्या ऐकल्या होत्या, स्टेडियमवाली, अथेन्सच्या उघड्या थिएटरमधली, रेडिओची. खरंच तिथं शांतता आहे. प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी वेगळी. म्हणजे मोजून, घड्याळ लावून ठरवावं की इथपर्यंत पॉज आणि इथून पुढे विसर, तर तसंही होत नाही, आणि समज मी दिलं नाही आणि तो खरंच तिथं हरवला, ते शहर कुठलं विचारण्यासारखा हरवला, एवढ्या माणसांसमोर, तर ते मी बघू कसं? आणि समज दिलं, आणि तो फक्त थांबला होता — पन्नास वर्षं तो जिथं थांबत आला, तिथं माझा आवाज, सपाट, परका, डाव्या कानात... तर त्याचं ते एवढंसं उरलेलं पण मी घेतलं. दोन्हीकडून काहीतरी तुटतंच. वैजयंतीकाकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या, पण काकूंकडे पुढच्या वर्षी परत नाटक असायचं.

शो सुरू झाला आणि तीन-चार गाण्यांतच तिची भीती कामात बुडून गेली. डाव्या विंगेत, स्पीकरच्या मागे, स्टुलावर ती, समोर देवनागरीतले कागद, हातात माइक, त्याला दाबून धरायचं बटण. दाबलं तरच आवाज त्याच्या कानात. तिच्या स्वतःच्या एका कानात हेडसेट, त्यात दानाई. शेजारी डेस्कवर वीर. तंबाखूचं गाणं निघालं, दिलं 'मि', दिलं 'तो'. बोटीचं गाणं, काहीच द्यावं लागलं नाही, तो असा गायला की वीरनं तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. टॅक्सीवाल्यांच्या गाण्याला बाल्कनी उभी राहिली. मधे एकदा तो बोलायला लागला, लोकांशी, ग्रीकमध्ये, आणि म्हणाला की या शहरात मी भांडी घासली, इथली भांडी फार जड होती. सगळे हसले आणि मंजिरी पण हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती हसली, आणि त्यानं मान किंचित विंगेकडे वळवलेली होती. पाहिलं का त्यानं? लाइट इतका होता त्याच्या डोळ्यांवर, त्याला काय दिसणार.

मग बँड उठून आत गेला. तो आणि गिटार. अलाती.

पहिलं कडवं त्यानं जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. सिंकमधलं पाणी, हाताला झोंबणारा सोडा, दुसऱ्यांच्या ताटातलं उरलेलं मीठ. तिनं बटणावर अंगठा ठेवला होता, दाबला नव्हता. "दे," हेडसेटमध्ये दानाई. तो गात होता, व्यवस्थित, प्रत्येक शब्द जागेवर. "मंजिरी, दे ना." दुसरं कडवं. आई किनाऱ्यावर, तिला पत्रात काय लिहू. दुसरं कडवंही संपलं. बोटं चालू होती. मग बोटं हळू झाली. मग एकच तार, परत तीच तार. मग तीही नाही.

शांत.

पुढचं अक्षर समोर होतं, 'क्यान', म्हणजे 'आणि जर', तिच्याच अक्षरात. त्याची पाठ अर्धी दिसत होती, खांदा, कानाची कड. श्वास दिसेना. मानेची शीर इथून दिसतच नव्हती, तो पुढे सरकून उभा होता, नेहमीपेक्षा पुढे, मुद्दाम का? वीरनं हेडफोनचा एक कप कानावरून बाजूला केला आणि ओठांनी विचारलं, काय करू, कट करू तुझा माइक? तिनं मान हलवली, धड हो पण नाही आणि धड नाही पण नाही. दानाई आता तिचं नाव घेत नव्हती, नुसतं दे, दे, दे म्हणत होती, मग ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाली जे तिला म्हटलेलं नव्हतं, बाबा, म्हणाली, आणि मग तीपण गप्प झाली. कुठंतरी कोणीतरी खोकणार होतं आणि त्यानं तो खोकला गिळला, तेसुद्धा ऐकू आलं.

तीन आठवडे मी या माणसाचं गाणं ऐकलंय असं मला वाटत होतं. ऐकलं कुठे? तो पहिल्या ओळीवर असला की मी दुसरीवर, तो बोटीत असला की मी बोट सोडून किनाऱ्यावर, शब्द आला की मी त्याच्यावर टिक मारून पुढे... तो जिथं होता तिथं मी एकदाही नव्हते. आणि आता पुढे जायला काही नव्हतं. कागद होता, अक्षर होतं, मोठं, काळं, पण ते बघताना ते सुटं सुटं होऊन नुसत्या रेघा व्हायला लागलं, आणि तिनं ते पकडायचा प्रयत्न केला नाही. तिनं नजर उचलली. समोर अंधारात माणसं बसली होती, रांगाच्या रांगा, कुठंतरी त्यांत आई-बाबा, आणि आईची मान खाली असेल की वर हे तिला दिसत नव्हतं. अंगठा बटणावरच होता. ना दाबलेला, ना उचललेला. छातीत जे सकाळपासून आवळलं होतं ते सुटलं नव्हतं, फक्त त्याचा अर्थ बदलत होता, त्या एवढ्या सगळ्या माणसांच्या छातीत जे असेल तेच हे, तितकंच, जास्त काही नाही. पुढचा शब्द काय हे तिला पाठ होतं. आणि तरी तो येईल का, कसा येईल, कोणाच्या तोंडून, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं, आणि ती वाट बघत होती.